डाव्या हाताचं माप

खिशातल्या चाकूचा शौक करणारी माणसं दोन प्रकारची, असं मूठताई म्हणायची. काही पात्यावर जीव टाकतात, काही मुठीवर. पात्यावाले तिच्या धाकट्या भावाच्या बाकापाशी उभे राहून पोलादाबद्दल तासभर बोलत. मुठीवाले तिच्या खिडकीशी येत. त्यांच्या तऱ्हा अनेक. एकाला शिंगाची मूठ हवी, पण वरची खरबरीत साल तशीच ठेवून. एकाला शिंपल्याची, उजेडात धरली की पाण्यासारखी हलणारी. एक निवृत्त नकाशेवाला तर जुनं, हिरवट झालेलं हाडच मागायचा आणि मिळालं नाही की रुसून बसायचा. यातल्या निम्म्या लोकांनी आपला चाकू जन्मात कधी उघडलेला नव्हता. भाऊ त्या चाकूंना ‘सासरी न नांदलेल्या लेकी’ म्हणायचा.

बत्तीस वर्षं ती हेच काम करत होती. खरं नाव लोक विसरले, मूठताई तेवढं राहिलं. तिने बसवलेली मूठ हलत नाही आणि तिचं नक्षीकाम झिजत नाही, हा तिचा लौकिक होता. तो तिला फार प्रिय होता.

दाताचे डॉक्टर तिचं जुनं गिऱ्हाईक. दवाखाना बंद केल्यापासून त्यांचा सगळा दिवस चाकूंच्या काचेच्या कपाटासमोर जायचा. एका सकाळी ते कापडात गुंडाळलेला एक घडीचा चाकू घेऊन आले. कुणाच्या तरी घरातलं सामान विकायला निघालं होतं, त्यातल्या एका खोक्यात तळाशी सापडला म्हणाले. पातं उत्तम, स्प्रिंग शाबूत, पण मुठीच्या दोन्ही बाजूंच्या फाका गायब. नुसता पितळी सांगाडा उरला होता. डॉक्टरांना त्यावर पांढऱ्या हाडाची मूठ हवी होती. तिच्यावर वेल आणि वेलीला नऊ पानं. नऊच का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. शौकीन माणसाला कारण विचारू नये.

तीन आठवडे तिने ती वेल कोरली. पानांच्या शिरासुद्धा भिंगातून मोजता याव्यात इतक्या नेमक्या. डॉक्टर चाकू घेऊन गेले तेव्हा जिना उतरताना गुणगुणत होते.

महिन्याने ते परत आले. या खेपेला गुणगुणणं नव्हतं. त्यांनी चाकू तिच्यापुढे ठेवला. नऊपैकी तीन पानं नाहीशी झाली होती. तुटली नव्हती, झिजली होती. त्या जागी हाड गुळगुळीत झालं होतं आणि किंचित खोलगट. वर्षानुवर्षं हातात राहिलेल्या हत्याराला येतो तसा पिवळसर तजेला त्याच्यावर आला होता.

ताईने विचारलं, चाकू कोण वापरतं? डॉक्टर म्हणाले, कुणी नाही. कपाटाला कुलूप, किल्ली त्यांच्या खिशात, घरात दुसरं माणूस नाही. तिला ते खरं वाटलं नाही. म्हातारा माणूस, कपाटासमोर बसून नकळत मुठीशी चाळा करत असेल, असं तिने मनाशी ठरवलं आणि दुसरी मूठ करून द्यायचं कबूल केलं. हाड नको म्हणाली. पितळेची करते. बघू कसं झिजतं.

पितळही झिजलं.

तोवर ही गोष्ट शौकिनांच्यात पसरली होती. नकाशेवाल्याने आपलं काम दुसरीकडे दिलं. एकाने बोलता बोलता विचारलं की हल्ली डोळ्यांचा त्रास होतो का. त्याच दिवशी ताईने डॉक्टरांना निरोप पाठवला की चाकू माझ्याकडे आणून द्या आणि मी म्हणेपर्यंत नेऊ नका.

तिने तो आपल्या खणात ठेवला. रोज सकाळी आल्या आल्या कॅलिपर लावायची आणि वहीत आकडा लिहायची. रोज खोलगटपणा केसभर वाढलेला असे. तेरा दिवसांनी तिने वही भावापुढे ठेवली. त्याने आकडे वाचले, कॅलिपर हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, आणि मग जरा चाचरत विचारलं की ती स्वतःच विसरून कानस मारत नाही ना. त्याच्या जागी तिनेही हेच विचारलं असतं. म्हणून ती चिडली नाही. म्हणाली, मग तूच बंद कर त्याला.

भावाने पत्र्याचा डबा घेतला. दोघांच्या देखत चाकू आत ठेवला, झाकण बसवलं आणि चारही कडा कथलाने झाळून टाकल्या. डबा आपल्या बाकाखाली, आपल्या पायांशी ठेवला. नऊ दिवस त्याने त्याला हात लावला नाही, लावू दिला नाही.

दहाव्या दिवशी भर दुपारी त्याने डबा कापला.

झाकण उचललं तसा आधी वास आला. घामेजल्या मुठीत बराच वेळ धरून ठेवलेल्या पितळेला येतो तो वास. मूठ बाकी ठिकाणी काळपटली होती, पण चार बोटांच्या आणि एका अंगठ्याच्या जागा लखलखत होत्या. ताईने कॅलिपर लावलं. आकडा वाढला होता.

भाऊ उठला आणि मोरीवर जाऊन बराच वेळ हात धूत राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, हे डॉक्टरांना देऊन टाक आणि सांग आमच्याकडून होत नाही. आयुष्यात एखादं काम नाही जमलं तर आभाळ कोसळत नाही.

ताईने चाकू परत केला नाही. जे काम हातात घेतलं ते अर्धवट सोडायची तिला सवय नव्हती, आणि भीती वाटते म्हणून सोडायची तर मुळीच नव्हती. भीती वाटत होती हे तिने स्वतःपाशी कबूल केलं. मग ती मेणाचा गोळा घेऊन बसली.

मेण तिने त्या खळग्यांवर दाबलं आणि अलगद उचललं. ठशावरून हात वाचता येतो, हे तिच्या धंद्यातलं साधं ज्ञान होतं. हात डावा होता. पंजा मोठा, अंगठा रुंद, तर्जनी मुठीवरून पुढे पात्याच्या पाठीकडे ताणायची सवय. कोरीवकाम करणाराच चाकू असा धरतो. तिने आपला हात लावून पाहिला, भावाचा लावून पाहिला, डॉक्टरांना बोलावून त्यांचाही. कुणाचाच बसला नाही.

मग तिने हाडाची जुनी मूठ आणि पितळेची मूठ शेजारी शेजारी ठेवली आणि कितीतरी वेळ नुसती पाहत राहिली. झीज वाटेल तिथे नव्हती. दोन्हीकडे तीच जागा, तोच उतार. हाडात जो आकार अर्धा झाला होता, तो पितळेत पुढे गेला होता.

“भाऊ,” ती म्हणाली, “त्याला वेल नकोय. पानं नकोत, पितळ नको. इतके दिवस तो तेच सांगतोय. आपल्यालाच कळत नव्हतं.”

“तो म्हणजे कोण, ताई?”

तिने थोडा विचार केला. “गिऱ्हाईक,” ती म्हणाली.

भाऊ हसला नाही.

तिने अक्रोडाच्या लाकडाचा एक कोरडा, सरळ रेषांचा तुकडा निवडला. नक्षी नाही, जडावकाम नाही. मेणाच्या ठशावरून मापं घेतली आणि फाका घडवायला बसली. आजवर शेकडो मुठी तिने केल्या होत्या, पण त्या सगळ्या डोळ्यांसाठी. ही फक्त हातासाठी होती.

काम तिच्या अपेक्षेपेक्षा सोपं गेलं. कुठे थांबायचं ते तिला ठरवावंच लागलं नाही. जिथे जास्त घ्यायचं होतं तिथे लाकूड लोण्यासारखं निघायचं. पुरे झालं की कानस नुसती वरून घसरायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती शेवटचा खिळा ठोकत होती. भाऊ समोर बसून होता. चाकू बाकावरच्या शेगड्यात, लोखंडी पकडीत, आवळलेला होता.

तिने हातोडी खाली ठेवली.

लाकूड करकरलं. नव्या खुर्चीवर पहिल्यांदा कुणी बसलं की ती करकरते, तसं.

भावाने शेगडा सैल केला.

त्या दिवसानंतर झीज थांबली. ताईने चाळीस सकाळी माप घेतलं. चाळीस वेळा तोच आकडा आला. एकेचाळिसाव्या दिवशी तिने चाकू डॉक्टरांच्या हातात दिला आणि सांगितलं की ही मूठ आता बदलणार नाही, माझा शब्द.

डॉक्टरांना आधी ती फारच साधी वाटली. पण शौकिनांच्या मेळाव्यात त्यांनी ती मांडली, तेव्हा शिंपल्याच्या आणि शिंगाच्या मुठी सोडून लोक तिच्यापाशी थांबू लागले. प्रत्येक जण ती उचलायचा, क्षणभर धरायचा आणि चटकन खाली ठेवून तळहात कपड्याला पुसायचा. वर सगळे म्हणायचे, काम मात्र अव्वल आहे. नकाशेवालाही परत आला. ताईने त्याला हिरवं हाड शोधून दिलं. भाऊ पुन्हा विनोद करायला लागला. जिंकल्यासारखं वाटत होतं आणि ते तिने कमावलेलं होतं.

दोन महिन्यांनी डॉक्टरांचा फोन आला. सवडीने येऊन जा म्हणाले. आवाज शांत होता.

ती दुसऱ्याच दिवशी सकाळी गेली. डॉक्टरांनी चहा विचारला, तिने नको म्हटलं. काचेच्या कपाटाला कुलूप होतं. त्यांनी खिशातून किल्ली काढून ते उघडलं. चाकू मधल्या फळीवर होता, मिटलेला. तिने सवयीने कॅलिपर लावलं. आकडा तोच होता.

“मुठीची तक्रार नाही,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही शब्द पाळलात. मला वेगळंच दाखवायचं होतं.”

त्यांनी टेबलावर एक एक करून काचेच्या बरण्या मांडल्या. कधीकाळी दवाखान्यात कापूस ठेवायच्या, तशा. प्रत्येकीवर तारीख लिहिलेली. गेले सहा आठवडे रोज सकाळी फळीवर चाकूशेजारी हे पडलेलं असतं, ते म्हणाले. मी फक्त गोळा करून ठेवलं.

बरण्यांत लाकडाच्या ढलप्या होत्या. पांढऱ्या, ताज्या, अजून वळलेल्या. ताईने एक उचलून नाकाशी नेली, बोटांत चुरली, उजेडात धरून रेषा पाहिल्या. बत्तीस वर्षांत तिच्या हाताखालून गेलं नाही असं लाकूड क्वचितच असेल. हे तिला ओळखता आलं नाही.

“कुणीतरी काहीतरी घडवतंय,” डॉक्टर म्हणाले. “काय ते मला कळत नाही. तुम्ही या धंद्यातल्या. तुम्हाला काही अंदाज?”

तिने बरण्या तारखेप्रमाणे लावल्या. पहिल्या काहींत बोटभर लांब, जाड सालपटं होती, मोठा आकार काढताना निघतात तशी. त्यापुढे ती अरुंद होत गेली होती. मग कागदासारखी पातळ. गेल्या आठवड्यातल्या बरण्यांत नुसती केसांसारखी बारीक कुरळी वलयं, मूर्तीच्या पापण्या, नखं असल्या नाजूक जागी चाकू टेकवला की निघतात तशी.

शेवटची बरणी आज सकाळची होती. तिच्यात तळाशी चिमूटभर पीठ होतं. ताईने त्यात बोट बुडवून पाहिलं. भुगा रेशमासारखा मऊ होता.

डॉक्टर तिच्याकडे बघत होते. तिने बोट पुसलं आणि खरं ते सांगितलं, की काम जवळजवळ झालंय, आता फक्त शेवटचा हात फिरवायचा राहिलाय.