मेचोचा डावा हात

त्या दिवशी सकाळी माझ्याकडे एकच काम होतं, पाव आणायचं. गोल, मोठा, वरून मध लावलेला. मूल पहिलं पाऊल टाकतं तेव्हा आमच्याकडे घरोघरी करतात ना, तसाच; तो जमिनीवर घरंगळत सोडायचा आणि मुलानं त्याच्यामागे चालायचं. बेकरीतल्या बाईनं कौतुकानं विचारलं, "नातू की नात?"

"रोबो," मी म्हटलं.

 ती असं काही हसली की पाव बांधताना तिच्या हातून दोरा दोनदा सुटला.

बसा, सांगते नीट. घाबरू नका हो, मला तर तो दिवस आठवला की अजून हसू येतं. निदान बराचसा दिवस आठवून तरी.

माझं नाव ज्लात्का. प्लोवदिवच्या विद्यापीठात तळघरात आमची प्रयोगशाळा आहे. तिथं आम्ही यंत्रांना तोल सांभाळायला शिकवतो. सव्वीस वर्षं मी तिथल्या तारा जोडतेय. मेचो हे आमचं शेंडेफळ. सात वर्षांच्या पोराएवढी उंची, दोन पाय, दोन हात आणि डोक्याच्या जागी कॅमेरा. त्याला चालायला शिकवत होती रालित्सा, आमची पीएच.डी.ची पोरगी. पाच वर्षं तिनं त्यात घातली होती. आता दुपारी बाराला परीक्षक येणार होते. मेचो कुणाच्याही आधाराशिवाय दहा पावलं चालला, तर ती डॉक्टर. नाही तर काम बंद, मेचो अडगळीच्या खोलीत, आणि रालित्सा आईच्या दुकानात मोजे विकायला.

आणि मेलं ते कार्टं रोज सहाव्या पावलाला डावीकडे कलंडत होतं! छताच्या दोरीला बांधलेलं असायचं म्हणून वाचायचं. फेब्रुवारीपर्यंत असं नव्हतं. तेव्हा दोरी सैल असायची आणि मेचो खोलीभर फिरायचा. फेब्रुवारीत स्तोइमेनकाका गेले, आमचे लेथवाले. मेचोचे गुडघे त्यांनीच घडवलेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांचा फोटो छापलेला निधनाचा कागद अजून आमच्या दारावर होता.

पाव घेऊन मी खाली आले, तर रालित्सा पडद्यासमोर बसलेली, चेहरा पांढराफटक.

"ज्लात्काताई, हे बघ."

मेचोला कुणी बाहेरून ढकललं, ओढलं, तर ते त्याच्या सांध्यांना कळतं. किती जोरानं, कुठे, कुठल्या दिशेनं, सगळं पडद्यावर रेघेत उमटतं. रालित्सानं जुन्या सगळ्या नोंदी उघडल्या होत्या. प्रत्येकीत डाव्या कोपराखाली एक हलकासा उचलता जोर. साधारण लिटरभर पाण्याच्या बाटलीइतका.

"काका!" आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

काका मेचोच्या बाजूनं चालायचे, दोन बोटं त्याच्या कोपराखाली धरून. "हळू रे, माझ्या राजा... हळू." दोन वर्षं आम्ही ते रोज बघत होतो. पण आम्हा सगळ्यांचे डोळे पायांवर! ती बोटं कुणी मोजलीच नाहीत, आणि त्याच नोंदींवरून मेचो चालायला शिकला. म्हणजे तो काकांचा आधार धरूनच चालायला शिकला होता.

"पुन्हा शिकवायचं तर?"

"चार महिने," ती म्हणाली. "आणि परीक्षक यायला तास राहिलाय." मग ती हुंदके देऊन रडायला लागली.

"रड, पोटभर रड," मी म्हटलं, "पण पाव आणलाय, तो घरंगळणारच. मी काही तो परत नेणार नाही."

बाराला तिघे परीक्षक आले. त्यांचे प्रमुख मिन्कोव्स्की, असा कोरडा माणूस की त्याच्या लग्नातही तो तपासणीलाच आल्यासारखा दिसला असेल. आम्ही मेचोची दोरी सोडली. फरशीवर पांढरं कापड अंथरून त्यावर पाना, पेन आणि वाढायचा लाकडी डाव ठेवला. मूल ज्याच्यापुढे थांबेल तो त्याचा धंदा, असं धरतात. रालित्सा यंत्र बंद करायच्या लाल बटणावर हात ठेवून उभी राहिली. मी पाव सोडला घरंगळत.

मेचो निघाला. टक... टक... टक...

भर दुपार होती, पण तळघरात एकाएकी गार झालं. आणि वास आला. लेथच्या तेलाचा, आणि त्यात मिसळलेला बडीशेपेच्या दारूचा. तो वास कुणाचा, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.  रालित्सानं माझ्याकडे पाहिलं, तिलाही आला होता.

पाच... सहा. मेचो डावीकडे कलला... कलला... आणि थांबला. त्याचं डावं कोपर बोटभर वर उचललं गेलं. मग सात. आठ. बारा पावलं चालून स्वारी थांबली ती थेट डावापुढे!

"आचारी होणार!" मी ओरडले. परीक्षकांतला एक तर शिट्टी वाजवायला लागला.

रालित्सा मात्र पडद्याकडे बघत होती. रेघ तिथे होती, डाव्या कोपराखाली, लिटरभर पाण्याएवढी. पोरीनं पडदा बंद केला असता तर कुणाला कळलं नसतं. तिनं तो मिन्कोव्स्कींकडे वळवला.

"सर, मदत झालीय." आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

मिन्कोव्स्कींनी चष्मा पुसला. "मी शिकत असताना स्तोइमेननं मला लेथवरून हाकललं होतं," ते म्हणाले. "दोनदा." मग त्यांनी नियमांचा कागद काढला. "'चाचणीच्या वेळी कुणाही जिवंत व्यक्तीनं यंत्राला हात लावू नये.' जिवंत. बाकीच्यांबद्दल इथे काही नाही. मी सही करू शकतो."

"नको," रालित्सा म्हणाली. "आधाराशिवाय चालायला हवा." आणि मेचोच्या डाव्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे वळून हळूच म्हणाली, "काका... सोडा आता त्याला. पडला तर पडू दे."

पुन्हा पाव. पुन्हा टक... टक... या वेळी मी पडद्याकडेच बघत होते. चौथ्या पावलाला रेघ उतरायला लागली. एकदम नाही हो, सायकल शिकवताना आपण मागचा हात कसा काढून घेतो, तशी. सहाव्याला ती पार शून्यावर. मेचो हेलपाटला, उजवा पाय लांब टाकून सावरला, आणि चालत राहिला. आठ, नऊ, दहा, अकरा! एकटा! वास गेला होता. रालित्सा रडत होती, मी रडत होते, आणि मिन्कोव्स्की, देवाशपथ सांगते, मधाचा पाव दोन्ही हातांनी तोडून खात होते. काकांसाठी एक तुकडा आम्ही लेथवर ठेवला. संध्याकाळपर्यंत आम्ही अंगणात नाचलो. इतकी सुखी मी माझ्या स्वतःच्या लग्नातही नव्हते.

डाव्या कोपराखालची ती रेघ पुन्हा कधी आली नाही. काका खरंच गेले.

पण दुसऱ्या दिवशी रालित्सानं प्रबंधासाठी सगळ्या नोंदी छापल्या, तेव्हा आम्ही पहिल्यांदाच उजव्या बाजूचा कागद बघितला. मेचोच्या उजव्या पंजाला एक अगदी हलकी ओढ होती. आधार नव्हे, खाली ओढणारी. त्याच्याहून बुटक्या कुणीतरी चालता चालता त्याचा हात धरावा, तशी.

आम्ही तारा बदलल्या, सांधे बदलले. ओढ तशीच. मेचो चालतो तेव्हाच येते आणि तो थांबला की थांबते. आम्हाला सवय झाली. कोण असेल ते असो, पोरांना सोबत लागतेच, असं म्हणून आम्ही हसायचो. याला आता तीन वर्षं झाली.

पण रालित्सा दर महिन्याला त्या ओढीची दिशा मापते, आणि हल्ली ती हसत नाही. पहिल्या वर्षी ओढ खालच्या बाजूला होती. गेल्या वर्षी आडवी झाली. आणि या महिन्यापासून मेचोचा हात वरच्या बाजूला ओढला जातोय, त्याच्याहून उंच कुणीतरी धरल्यासारखा.