फोटो काढणाऱ्याचा हात

दगड सांगायला मी पुंजारामकडे गेले तेव्हा नुकता नोव्हेंबर लागला होता. भिंगारच्या कडेला रस्त्यालगत त्याचं पत्र्याचं शेड आहे, आमच्या दफनभूमीतले निम्मे दगड त्याच्याच हातचे. माझे यजमान नोहा यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षाच्या प्रार्थनेला पाळकसाहेब येतील तेव्हा कबरीवर दगड उभा असावा, त्यावर नाव, एक वचन आणि चिनी मातीच्या लंबगोल पाटीवर त्यांचा फोटो, एवढंच माझं काम होतं.

"समदं हुईल बाई," पुंजाराम म्हणाला. "फकस्त फोटू द्या."

आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. घरातले सगळे फोटो नोहांनी काढलेले, आणि फोटो काढणारा फोटोत नसतो. एंजेलाच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या, लग्नाचा आल्बम मी दोनदा चाळला. त्यात ते सापडले ते पंगतीत पाठमोरे. आमच्या लग्नाचा फोटो लावावा, तर त्यात मिसरूड फुटलेला पोरगा आहे. उद्या शेजारच्या जागेत मला ठेवतील तेव्हा लोक म्हणायचे, बाई मुलाशेजारी झोपलीय. आधार कार्डावरच्या फोटोबद्दल तर बोलायलाच नको.

आमच्यात पेटीवर झाकण लावण्याआधी घरचे सगळे भोवती उभे राहून शेवटचा फोटो काढतात. माझ्या दिरांनी फोटोवाला बोलावलाही होता. मी त्याला दारातून परत पाठवला. माझा नवरा डोळे मिटलेला कुणाच्या आल्बममध्ये नको होता मला, आणि आजही नको आहे.

एंजेलाला दिवस गेलेत, फेब्रुवारीत बाळंत व्हायची आहे. बाळंतपण माझ्याकडेच. "मम्मी, बाळाला आजोबा कसे दाखवायचे?" असं ती फोनवर म्हणाली आणि ते माझ्या मनाला लागलं. खरं सांगायचं तर मला दुसरीच भीती वाटत होती. नोहांचा खोकला आठवायचा, चालणं आठवायचं, कधी चटका बसला तर माझ्या हाताला ते पट्टी कशी बांधायचे ते आठवायचं, डेपोत शिकलेली चपटी गाठ, टोकं आत खोचलेली. पण डोळे मिटले की चेहरा येत नव्हता. सगळी हयात शाळेत गणित शिकवलेली बाई मी, विसरभोळी नाही. फोटो मिळवायचाच, असं मी ठरवलं.

राहिला होता त्यांचा मोबाईल. नोहा लष्कराच्या डेपोत सिव्हिलियन फिटर होते. तिथं आत मोबाईल नेऊ देत नाहीत. सकाळी गेटवर तो बंद करून लाकडी खणात ठेवायचा, बदल्यात आपल्या नंबरचा पितळी बिल्ला घ्यायचा, संध्याकाळी बिल्ला देऊन मोबाईल परत. ते कामावरच गेले, लेथपाशी उभे असताना. संध्याकाळी एक हवालदार मोबाईल घरी देऊन गेला. बिल्ला त्यांच्या खिशातच राहिला होता, तो कपड्यांबरोबर आला. मोबाईल मी तसाच बंद, कपाटात ठेवून दिला होता.

सावेडीत रुपालीचं मोबाईलचं दुकान आहे, माझीच विद्यार्थिनी. तिनं तो चार्ज केला, मी सांगितलेल्या आकड्यांनी उघडला आणि गॅलरी पाहून कपाळाला आठी घातली.

"काकू, फोटो फारसे नाहीत. पण मेमरी तर जवळजवळ भरलेली दाखवतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे काकांनी लपवलेत. ही बघा, खाली लॉक केलेली फोल्डर आहे. हिचा पिन वेगळा असतो." मग जरा हसून म्हणाली, "पुरुषांचं असतं काहीतरी. नका बघू."

"पुरुषांचं काय असतं ते मला ठाऊक आहे. उघड."

"पिनशिवाय नाही उघडत. रीसेट केला तर मोबाईल मोकळा होईल, पण आतलं सगळं जाईल."

"मग राहू दे. पिन मी शोधते."

घरी येईपर्यंत दिवस मावळला होता आणि आल्या आल्या लाइट गेली. स्वयंपाकघरात चार्जिंगचा दिवा लावला आणि टेबलाशी बसले. ओट्याशेजारी स्टीलचं मोठं पिंप आहे, त्याचा नळ जरा गळतो. टप्... टप्... एवढाच आवाज घरात होता. एंजेलाची जन्मतारीख टाकून पाहिली, आमच्या लग्नाची टाकली, घरचा नंबर टाकला. मोबाईल दर वेळी नाही म्हणायचा आणि पुढच्या वेळी जास्त थांबवून ठेवायचा. मीही थांबायची. मला कुठं जायचं होतं.

मग आठवलं, लपवलेली वस्तू परत मिळवायला नोहा रोज काय देत होते. मी उठले, चहाच्या डब्यामागून तो पितळी बिल्ला काढला आणि त्यावरचा आकडा टाकला. फोल्डर उघडली.

फोटो माझेच होते. ओट्याशी उभी मी, गच्चीत कुरडया वाळत घालणारी मी, दुपारी खुर्चीत मान टाकून झोपलेली मी. सगळे मागून काढलेले. पहिल्यांदा हसूच आलं. एवढ्यासाठी लपवले होय, असं वाटलं. मग तारखा पाहिल्या. सगळे कामाचे दिवस होते आणि सगळ्या वेळा भर दुपारच्या. त्या वेळी नोहा डेपोत असायचे आणि हा मोबाईल गेटवरच्या खणात, बंद.

दिव्याचा उजेड जरा मंद झाल्यासारखा वाटला. ग्रीसचा वास आला, नोहांच्या बाह्यांना यायचा तसा, आणि त्यामागं कापराचा. कपडे ठेवतात त्या ट्रंकेतला. पण एक गोष्ट मला कळली होती. हे फोटो नोहांनी काढले नव्हते. त्यांना ते मोबाईलमध्ये सापडले होते, आणि मी घाबरू नये म्हणून त्यांनी कुलूप लावलं होतं. मला न सांगता किती दिवस त्यांनी हे एकट्यानं सोसलं असेल, या विचारानं भीतीपेक्षा रडू जास्त आलं.

मी खाली सरकत गेले. नोहा गेल्यानंतरच्या तारखाही होत्या. शेवटच्या फोटोत मी हिरवा गाऊन घालून भाकरी थापत होते आणि शेजारी ते पिंप चकचकत होतं. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. पिंपाच्या पत्र्यावर माझ्या मागचं दार दिसत होतं. दारात नोहा उभे होते.

पुरलं तेव्हा घातलेला राखाडी कोट अंगात. मान थोडी डावीकडे कललेली, ओठ दाबून हसणं. तोच चेहरा, वर्षभर मला आठवत नव्हता तो. मी किती वेळ रडले कुणास ठाऊक. रडणं थांबल्यावर पाहिलं तर त्यांचे दोन्ही हात खाली सोडलेले होते. रिकामे.

"अहो," मी अंधाराकडं बघून हळूच विचारलं, "मग फोटो कोण काढतंय...?"

नळ गळायचा थांबला. मी पिंपाकडं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोबाईल पर्समध्ये टाकला आणि पुंजारामकडे गेले. जे कुणी काढलं असेल ते असो, माझा नवरा मला मिळाला होता, आणि नातवाला दाखवायला मी तो घेणार होते. पुंजारामनं फोटो त्याच्या कॉम्प्युटरवर घेतला आणि मोठा केला.

"ब्येस हाय की. पर बाई... ह्या कोन?"

"कोण?"

"सायबांच्या शेजारी. ह्या बाई. मोबाईल ह्यांच्याच हातात हाय."

मोबाईलच्या लहानशा काचेवर ते दाराच्या चौकटीसारखं वाटलं होतं. मोठ्या पडद्यावर ती चौकट नव्हती. ती बाई होती, पांढऱ्या साडीत. चेहरा मोबाईलमागं लपलेला, पण साडीच्या काठाची चंदेरी वेल स्वच्छ दिसत होती. आमच्यात लग्नाची पांढरी साडी बायका जपून ठेवतात. शेवटी तीच नेसवतात. ती वेल माझ्या ट्रंकेतल्या साडीवर आहे. मोबाईल धरलेल्या हाताच्या पाठीवर अर्ध्या चंद्रासारखा पांढरा डाग होता, जुना, भरून आलेला. मी माझा हात पाहिला. हातावर काही नव्हतं.

"ठेवू का कापू?" पुंजारामनं विचारलं.

"कापा."

"न्हाई... म्हंजी जोडीनं उभ्या हायेत म्हनून..."

"पुंजाराम, तिला कापा. तिचा दगड अजून सांगितलेला नाही."

त्यानं कापलं. दगड वेळेवर बसला, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, एंजेला पुण्याहून आली आणि पाटीवरच्या चेहऱ्यावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. "मम्मी, हसतायत बघ पप्पा," म्हणाली. मला वाटलं, जिंकले मी. मोबाईल बंद करून परत कपाटात ठेवला.

नाताळच्या आधी करंज्या तळताना एक करंजी फुटली. तेल उडालं ते उजव्या हाताच्या पाठीवर. फोड आला, फुटला आणि खाली उरलेला आकार मी एका नजरेत ओळखला.

ओरडले नाही. गॅस बंद केला आणि खुर्चीत बसून हिशोब मांडला. गणित सोपं होतं. फोटोतल्या हातावरचा डाग पांढरा होता, भरून आलेला. माझ्या हातावरची जखम ओली आहे. ती ओली आहे तोवर मी त्या दारात उभी राहू शकत नाही. नोहांवर माझं प्रेम आहे, पण फेब्रुवारीत बाळाच्या डोक्याखाली हात कुणी धरायचा? बाळाला आजोबा दगडावर दाखवायचे हे ठरलंच होतं. आजीसुद्धा दगडावर दाखवायची, हे मला मान्य नाही.

म्हणून मी मलम लावलं नाही. खपली धरली की ती काढते. दुखतं, पण दुखू दे. डॉक्टरीणबाई म्हणतात, शुगर तपासा, इतके दिवस जखम ओली राहते कशी. मी म्हणते, तपासू. एंजेला परवा आली आहे, पोट सांभाळत घरभर फिरते. हाताचं विचारलं तर तिला सांगते, भाजलंय थोडं.

आज सकाळी जाग आली ती मलमाच्या वासानं. हाताला पांढरी स्वच्छ पट्टी बांधलेली होती. घरात पट्टी नव्हतीच. आधी वाटलं एंजेला, पण ती अजून झोपली होती, आणि तिला साधी सुरगाठ मारता येते, तेवढीच. ही गाठ चपटी होती. टोकं आत खोचलेली.

मी ती सोडली. जखम सुकली होती. कडेनं कातडी पांढरी पडायला लागली होती.

पलंगावर बसून मी गाठ हातात घेतली. वाईट वाटलं, खूप वाटलं. वर्षभर कुणी माझ्या हाताला पट्टी बांधली नव्हती. मग नखानं कड धरली, डोळे मिटले आणि ओढली.

"अहो," मी म्हटलं, "माया कळते मला तुमची. पण एवढी घाई करू नका. पोरीचं होऊ दे."

शेजारच्या खोलीत एंजेला कुशीवर वळली, पलंग करकरला. तेवढ्यात कपाटातून, बंद करून ठेवलेल्या मोबाईलमधून, फोटो काढल्याचा खट् असा आवाज आला.