बाईंचा नऊ

दार लोटून घ्या आणि मधे मधे बोलू नका. मी इस्पितळात लिफ्ट चालवायचो तेव्हाची ही गोष्ट. जिच्याबाबतीत घडली तिला चार वर्षं रोज रात्री मीच तिसऱ्या मजल्यावर सोडायचो.

नर्सच्या हाताखाली काम करायची ती. सगळे तिला झटपट म्हणायचे. वीस खाटांचा ऑक्सिजन दर तासाला मोजायचा: बोटाला चिमटा लावायचा, लाल दिवा लागला की आकडा वाचायचा, खाटेच्या तक्त्यावर लिहायचा. दुसरीला अर्धा तास लागे, झटपटचं दहा मिनिटांत उरकलेलं असायचं.

“हात आहेत की पंखा?” मी विचारायचो.

“मामा, पाय मोडून येतात हो,” म्हणत ती हसायची.

नऊ नंबरच्या खाटेवर एक म्हातारी शिक्षिका होती. सगळे तिला बाईच म्हणत. फुप्फुसं थकलेली, जीभ मात्र ठणठणीत. झटपट इंग्रजीत आकडे लिहायची, की बाईंची कुरकुर सुरू. “मराठी आकडे विसरलीस का गं? नऊ कसा हवा? शेपटी लांब, खाली वळलेली.” आणि थरथरत्या बोटानं चादरीवर काढून दाखवायच्या.

बाईंची बोटं कायम गार. त्यामुळे चिमटा कधी कधी उगाच कमी आकडा दाखवी. एकदा झटपटनं घाबरून डॉक्टरांना झोपेतून उठवलं. बोटं चोळून पुन्हा मोजलं, तर सगळं ठीक. डॉक्टर चारचौघांत तिला नाही नाही ते बोलले. “पुन्हा उठवलंस तर घरी बस.” तिच्या एकटीच्या पगारावर घर चालायचं, हेही खरं.

जानेवारीतला दुसरा मंगळवार. रात्रीचे तीन. बाईंचा आकडा आला एकाहत्तर.

“श्वास पुरत नाही गं बाळ... डॉक्टरांना बोलव.”

बोटं चोळायला हवी होती. तिनं चोळली नाहीत. चिमटा स्वतःच्या बोटाला लावला. अठ्ठ्याण्णव. तोच आकडा बाईंच्या तक्त्यावर लिहिला.

“आकडा चांगला आहे, बाई. झोपा.”

“अगं, पण बोट तर तुझं...”

“झोपा म्हटलं ना!”

चारला अठ्ठ्याण्णव. पाचलाही. सहाला बाई गेलेल्या होत्या. तक्ता चोख, म्हणून कुणी काही विचारलं नाही. त्या सकाळी लिफ्टमध्ये झटपटनं मला हे सांगितलं. मी मूग गिळून बसलो. त्याची लाज मला अजून वाटते.

महिन्यानं तिलाच धाप लागली. ताप, खोकला. आणली त्याच वॉर्डात. रिकामी होती एकच खाट. नऊ नंबरची.

पुढचं मला रात्रपाळीच्या नर्सनं सांगितलं. दोन वाजता नर्सनं स्वतः तिला चिमटा लावला. अठ्ठ्याण्णव.

“सिस्टर, श्वास पुरत नाही...”

“आकडा चांगला आहे. झोप.”

अडीचला पुन्हा हाक आली. दिवे मालवलेले. चिमट्याचा लाल उजेड तेवढा दिसत होता.

“सिस्टर... चिमटा माझ्या बोटाला नाहीये.”

“मग कुणाच्या आहे?”

झटपट नुसती बाजूच्या स्टुलाकडे बघत राहिली...

नर्स वाकली. चिमटा बोटाला होता. अठ्ठ्याण्णव. तिनं पांघरूण सारखं केलं आणि निघून आली.

“बोट जरा बारीक वाटलं, मामा,” ती मला म्हणाली. “सुरकुतलेलं. म्हटलं, आजारपणात वाळतात बोटं...”

त्यानंतर दर तासाला नर्स लांबूनच तक्त्यावर टॉर्च मारायची. आकडा लिहिलेला असायचा. तिला वाटलं, झटपटच्या जागी आलेली मदतनीस लिहितेय. मदतनिसाला वाटलं, नर्स लिहितेय.

सातला पडदा सरकवला. झटपट निळी पडली होती. तोंड उघडं. डॉक्टर म्हणाले, जाऊन चार तास तरी झालेत.

चिमटा स्टुलावर होता...

तो तक्ता मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. दोनपर्यंत नर्सचे इंग्रजी आकडे. मग तीन, चार, पाच, सहा वाजताचे. चार ओळी. थरथरत्या हातानं, पण नीट काढलेले मराठी आकडे.

९८. ९८. ९८. ९८.

शेपटी लांब... खाली वळलेली.