बुनियानांनी नेलेला बोका

केळीच्या बागेच्या टोकाला पिवळ्या भाताची ताटली ठेवून मेलूर वर पाहते तो... समोर एक तरुण उभा! उंच, देखणा, केसांत लाकडाचा भुसा. पाऊल वाजलं नव्हतं, पान हललं नव्हतं.

बुनियान तर नव्हे? मावशी म्हणालीच होती, "तुझ्या तोम्पोकला बुनियानांनी नेलंय. न दिसणारी माणसं ती, त्यांना मांजरांचा भारी लळा. भात ठेव, गोड बोल, देतील परत." परवापासून मेलूरने सारा मारांग गाव पालथा घातला होता. दर्यात गेलेल्या बाबांच्या मांडीवर वाढलेला बोका तो. बाबांचं म्हणून घरात तेवढंच उरलं होतं.

ती धीर करून पुढे झाली आणि त्या तरुणाच्या ओठांकडे टक लावून पाहू लागली.

"काय... काय बघताय?" तो गोरामोरा झाला.

"नाकाखालची खाच. बुनियानांना ती नसते. माझा बोका नेलाय त्यांनी."

"मग? मला आहे का?"

"थांबा — मिशी आड येतेय."

तो खो खो हसला. "मी आझलान. पलीकडे काकांकडे नावा बांधतो. आणि बुनियान-बिनियान काही नसतं हो! बोका आहे, गेला असेल एखादीच्या मागे."

"माझा तोम्पोक तसला नाही!"

"सगळे बोके तसलेच."

"अनुभवाचे बोल दिसतायत! आणि भरदुपारी काम सोडून तुम्ही इथे कसे?"

आझलानची नजर खाली गेली. "हसू नका हं... आमची नवी नाव रडते."

"काय?"

"परवापासून. तान्ह्या पोरासारखी. काका म्हणतात, झाड तोडताना त्यातल्या भुताला विचारलं नाही. मग मी... जरा हवा खायला आलो."

मेलूर त्याच्याकडे पाहतच राहिली. "अहो शहाणे! नावेच्या फळ्या कधी ठोकल्या?"

"परवाच... मीच..." त्याचे डोळे विस्फारले.

तोवर त्याचं मनगट धरून ती पळत सुटली होती.

"तोम्पोक!" तिने नावेला तोंड लावून हाक मारली. आतून क्षीण आवाज आला — म्याँव! आझलानने फळ्या उचकटल्या, काका बोंबलत राहिले, आणि भुशाने माखलेला बोका मेलूरच्या कुशीत शिरला. ती हसत होती, रडत होती. आझलानला तिच्यावरून नजर काढवेना.

दुसऱ्या दिवशी तो बोक्याची माफी मागायला आला, ताजा मासा घेऊन. मग रोजच येऊ लागला.

"बुनियानांचीच करणी!" मावशी चुलीपाशी म्हणायची. "नाहीतर बोका त्याच नावेत कसा शिरला?"

"मी डब्यातला मासा तिथेच विसरलो होतो, मावशी."

एका संध्याकाळी मेलूरने पायरीवर बसून विचारलंच, "सगळ्याचं कारण सांगतोस... मग तू रोज का येतोस रे?"

वारा माडांतून सळसळत गेला. आझलानने हातातला मासा पायरीवर ठेवला.

"साधंच आहे, मेलूर... मला तू आवडतेस."

तिचे कान लाल झाले. "मग मासा कशाला आणतोस, वेड्या?" ती पुटपुटली. "नुसता आलास तरी... मी वाट बघतच असते."