पुनाच्या खोलीतला अभ्यास

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर नाही चालायचं.

मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हतो. गावात कुणी असलं सांगायला लागलं की मीच त्याची खेचायचो. पण हे माझ्यावर बेतलंय. एक शब्द वाढवून सांगत नाही, आईशप्पथ.

साल १९८८. पितृपक्ष चालू होता. जागा धुळ्याची, देवपूरची.

आणि रात्र-बित्र काही नाही... भर दुपार. डोकं फुटेल असं ऊन.

मी तेव्हा धुळ्याला कॉलेजात, पहिल्या वर्षाला. गाव दोंडाईच्याच्या पलीकडे. पहाटेची एसटी धरायची, तरी सकाळचे तास बुडायचे, संध्याकाळी घरी येऊन मेल्यासारखं झोपायचं. अभ्यास शून्य. शेवटी आमचे आबा चिडले.

"आमोसपावत खोली पाहीसन घे, लीलाधर. नही ते कॉलेज सोड आनि वावरमा ये."

आबा एकदा बोलले की बोलले. आणि मला शिकायचं होतं हो! आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं कुणी गेलंच नव्हतं.

होस्टेल भरलेलं. आत्याचं घर होतं, पण तिथं पाय पसरायला जागा नाही आणि दिवसभर रेडिओ बोंबलतोय. निंबा माझा दोस्त, आमच्याच गावचा, माझ्याच वर्गातला. त्याची सोय मामाकडे झाली होती. तरी बिचारा माझ्यासाठी उन्हात वणवण करत होता.

अमावस्या दोन दिवसांवर आली. आणि कुणीतरी तानुअक्कांचं घर दाखवलं. पुढं त्या एकट्या राहायच्या, मागं अंगणात एक स्वतंत्र खोली. खोलीला कुलूप.

अक्का अंगणात उभ्या होत्या. नजर वर, पत्र्यावर.

पत्र्यावर केळीचं पान वाढलेलं होतं. खीर, वडे, गिलक्याची भजी.

"अक्का, खोली द्यायची आहे का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"सकायपासीन पान ठेयेल शे, भाऊ. एक बी कावया शिवना नही. मन्हा पुना उपाशी शे..."

पुना त्यांचा मुलगा. मागच्या खोलीत अभ्यास करायचा. कावीळ झाली आणि कॉलेजच्या परीक्षेच्या तोंडावर गेला, त्याच सांगत होत्या. त्या दिवशी त्याची तिथी होती. आपल्याकडे कावळा शिवला नाही तर गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली म्हणतात. मग घरचे ती इच्छा ओळखून मोठ्यानं शब्द देतात. अक्कांनी सगळे शब्द देऊन पाहिले होते. तुझ्या बहिणीला अंतर देणार नाही, तुझी गाय विकणार नाही... काही उपयोग नाही.

पत्र्यावर एक कावळा नाही, आणि माझ्या पोटात तर कावळे ओरडत होते.

मला काय दुर्बुद्धी सुचली देव जाणे. मी वर तोंड करून ओरडलो,

"पुनाभाऊ, तुझी खोली मला दे! तुझ्या जागी मी बसतो परीक्षेला!"



आणि कावळा आला.

कुठून आला, दिसलंच नाही. पानावर बसला, खिरीत चोच घातली.

अक्का मटकन खाली बसल्या आणि ढसाढसा रडायला लागल्या. मग उठल्या, कमरेची किल्ली सोडली आणि माझ्या हातात ठेवली.

निंबानं मला गल्लीत ओढलं. "काय बोलना रे तू? गयेल मानूसले कोनी असं सांगस का?"

"खोली मिळाली ना? मग झालं तर," मी म्हटलं.

पहिले काही दिवस मजेत गेले. अक्का पोटच्या पोरासारखं करायच्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर ठेचा. मी दुपारी कॉलेजातून आलो की दार लावून मोठ्यानं वाचायचो. मला घोकल्याशिवाय डोक्यात जात नाही.

एका दुपारी भूगोल वाचत होतो. "नदी डोंगरातून वेगानं वाहते आणि..." पान उलटायला थांबलो.

"...सपाटीला आली की गाळ टाकते."

आवाज खोलीतच होता. हलका. घसा बसल्यासारखा.

मी पान उलटलं.

पहिलीच ओळ तीच होती.

दार उघडून बाहेर आलो. अक्का पुढच्या ओट्यावर गहू निवडत होत्या. अंगणात चिटपाखरू नव्हतं.

मग हे रोजचंच झालं. मी थांबलो की ओळ पुढं सरकायची... मी न वाचलेले धडेसुद्धा. खोटं कशाला बोलू, माझी पाचावर धारण बसली होती. पण सोडून जाऊ कुठं? आबा वावरात जुंपायला टपलेलेच.

आणि खरी गोष्ट सांगू? त्या खोलीत वाचलेलं विसरायचंच नाही.

दिवाळीनंतर होस्टेलला दोन जागा निघाल्या. निंबानं धावत येऊन सांगितलं. मी त्याच दिवशी किल्ली अक्कांना दिली आणि पेटी उचलली. त्यांनी माझ्यामागं कुलूप लावलं फक्त.

होस्टेलात आवाज नाही, काही नाही. सुटलो म्हटलं.

पण अभ्यासाला बसलो... आणि काहीच डोक्यात राहीना.

पान संपलं की कोरं. सकाळचं दुपारी नाही. एकदा सरांनी उभं करून साधा प्रश्न विचारला, तर तो धडा मी वाचलाय हेच मला आठवेना. रडू आलं मला, भरल्या वर्गात. परीक्षा जवळ येत होती. नापास झालो की कॉलेज कायमचं बंद, हे मला पक्कं माहीत होतं.

एका सकाळी पेटी भरली. निंबाला म्हटलं, "मी चाललो अक्कांकडे परत. भुतासंगे तर भुतासंगे, पण पास होईन."

निंबानं डोक्याला हात लावला.

भर दुपारी पोचलो. गल्लीत सामसूम. अंगणात पाय ठेवला आणि जागच्या जागी थांबलो.

मागच्या खोलीतून वाचण्याचा आवाज येत होता.

दाराला बाहेरून कुलूप.

त्या दिवशी सकाळीच मी जो धडा उघडून बसलो होतो, तोच. नीट, न अडखळता.

आणि आवाज... घसा बसलेला नव्हता.

तो माझा आवाज होता.

माझाच! मधेच खाकरायची माझी सवयसुद्धा.

"अक्का..." मी हाक मारली.

तानुअक्का ओट्यावरून उठल्या. जवळ आल्या. माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. ज्या बाईनं मला हातानं वाढलं, ती अनोळखी माणसाकडं बघावं तशी बघत होती.

"कोन रे भाऊ तू? कोन पाहिजे तुले?"

"अक्का, मी... खोली..."

"खोली रिकामी नही. आनि हायू बोल." अक्कांनी ओठांवर बोट ठेवलं. " मन्हा लीलाधर अभ्यास करी ऱ्हायना."

पेटी तिथंच टाकून मी पळालो. होस्टेलला गेलोच नाही. सरळ स्टँडवर, तिथून घरी. आबांना म्हटलं, मला नाही शिकायचं. आबांनी कारण विचारलं नाही.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. मी तेव्हा खळ्यावर मिरच्या वाळत घालत होतो. रोज. सगळ्या गावानं पाहिलंय.

मे महिन्यात निंबा सुट्टीला गावी आला आणि थेट खळ्यावर येऊन माझ्या अंगावर धावला.

"एवढा माज उना का तुले? बठ्ठा पेपरले मन्हा पुढेच बसेल व्हता. कितला हाका मारात तुले... वळीसन बी दखं नही!"

सगळ्या पेपरांना, त्याच्या पुढं... मी! हातातल्या मिरच्या खाली सांडल्या.

तो पेपर लिहिणारा पास झाला का, हे मी कधी विचारलं नाही. निंबा सांगायला लागला की उठून जायचो. तो पुढं शिकला असेल, नोकरी लागली असेल... माझ्या नावानं.

आज माझं वय पन्नाशीच्या पुढं. धुळ्याला काम निघतं अधूनमधून. पण देवपुरात मी पाय ठेवत नाही.

तिथं कुणी "लीलाधर" म्हणून हाक मारली... आणि माझ्या आधी दुसऱ्याच कुणी 'ओ' दिली तर?