उद्याची कस्तुरी

कस्तुरीच्या पायांवर सूज आली होती, म्हणून मीटिंग थांबली. मिरजेच्या त्या मोठ्या रुग्णालयात पूर्वी मीटिंग थांबायची ती कुणीतरी फाईल आपटून बाहेर गेलं म्हणून. आता भिंतीवरच्या पडद्यात सातव्या महिन्यातली एक शिक्षिका खुर्चीत बसून पाय चोळत होती, आणि रुग्णालयाचे प्रशासक ताहेर मुजावर तिला हळू आवाजात विचारत होते की बाळ फिरतंय ना नीट. शेजारी बसलेल्या सर्जन डॉ. अमला मगदूम तिचा श्वास मोजत होत्या. फिरतंय, लाथाही मारतंय, असं कस्तुरी हसून म्हणाली तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं.

कस्तुरी नावाची ही बाई जगात कुठेही नव्हती.

हे जरा समजावून सांगायला हवं. डॉक्टर आणि प्रशासक यांचं सख्य कुठेही गेलात तरी विळ्याभोपळ्याचंच. डॉक्टरला खाटेवरचा माणूस दिसतो. प्रशासकाला अजून न आलेली माणसं धरून चालावं लागतं. रक्ताची शेवटची पिशवी आज वापरली, तर परवा अपघातात सापडलेल्या पोराला काय द्यायचं? दोघांचंही खरं असतं, आणि दोघंही एकमेकांना दगड समजतात. अमला मॅडम तर भांडणात कुणाला हार जायच्या नाहीत. भर मीटिंगमध्ये त्यांनी मुजावरांना गोडाऊनचा मॅनेजर म्हटलं होतं. त्यावर मुजावर शांतपणे म्हणाले होते, तुम्हाला खाट दिसते मॅडम, मला रांग दिसते. ते वाक्य बाईंच्या डोक्यात रुतून बसलं. दिसत नाही म्हणून भांडण होतं, तर मग ती रांगच सगळ्यांना दाखवली तर?

त्यातून 'उद्याची माणसं' आली. वेधशाळा सांगते की उद्या तासगावात पाऊस पडेल. कुणाच्या अंगणात पडेल ते सांगत नाही. तसंच हे. जिल्ह्यातली साथ, हवा, रस्ते, गरोदर बायका, म्हातारी माणसं, सगळ्यांचा मेळ घालून संगणक सांगतो की या आठवड्यात अमुक प्रकारचा रुग्ण बहुतेक येणार. आधी नुसते आकडे दाखवून बघितले होते. कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग मॅडमनी त्या आकड्यांना चेहरा, आवाज, गाव आणि नाव द्यायला लावलं.

मुजावरांनाच ते पहिल्यांदा पटेना.

"ही राहते कुठे?" त्यांनी विचारलं होतं.

"कुठेच नाही. हिचं हसणं, हिचा आजार, हिचं घर, प्रत्येक गोष्ट कुणाची तरी खरी आहे. पण ही अशी अख्खी बाई कुणी नाही."

"मग हिच्याशी बोलायचं तरी काय?"

"जिच्यासाठी तुम्ही माझ्याशी भांडत होतात ना मुजावर, ती हीच. आता दोघं मिळून तिच्याकडे बघू."

आणि खरंच भांडणं मिटली. आरडाओरडा गेला, दोघांचा चहा एका टेबलावर येऊ लागला. लांबलांबची रुग्णालयं हे नवल बघायला आली. मॅडमचे सत्कार झाले, शाली पडल्या. सगळीकडे एकमत, एकमत. ऐकून ऐकून कान किटले.

मग तापाची साथ आली, फुप्फुसं निकामी करणारी. मायाप्पा बंडगर तिच्यात सापडला.

मायाप्पा जतकडचा वस्ताद. तालमीत पोरांना कुस्ती शिकवायचा. दारातून आडवा होऊन आत यावं लागेल असा देह, आणि दम एवढाही उरलेला नाही. पहिल्या दिवशी बोलता येत होतं तेव्हा त्यानं अमला मॅडमना सुनावलं होतं की डॉक्टर, तुमची पकड ढिली आहे, नाडी अशी धरतात होय? दुसऱ्या दिवशी बोलणं बंद झालं. त्याची बायको स्वप्नाली बाहेरच्या बाकावर बसून असायची. मॅडम दिसल्या की उठून उभी राहायची, विचारायची मात्र काही नाही.

त्याला फुप्फुसयंत्र हवं होतं. हे यंत्र रक्त शरीराबाहेर घेतं, त्यात प्राणवायू मिसळून परत आत सोडतं, आणि तेवढा काळ फुप्फुसांना विसावा मिळतो. साथीमुळे जिल्ह्यातली सगळी यंत्रं अडकलेली. इथं एकच मोकळं होतं. एकदा लावलं की माणूस बरा होईपर्यंत किंवा जाईपर्यंत काढता येत नाही. वस्ताद त्यावर जगण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास होती. आणि पडद्यात कस्तुरी बसली होती. आठवड्याच्या आत तिला ताप येणार, तिचा श्वास तुटणार. यंत्र मिळालं तर ती जवळजवळ नक्की वाचणार, बाळासकट.

जुन्या दिवसांत काय झालं असतं ते सांगतो. अमला मगदूम यांनी मुजावरांच्या टेबलावर मूठ आपटली असती. माझा माणूस आत तडफडतोय आणि तुम्ही न आलेल्या बाईच्या गोष्टी सांगताय, असं म्हणाल्या असत्या. मुजावर चिडले असते, आणि शेवटी बहुधा यंत्र मिळालं असतं. त्या भांडणात वस्तादाच्या बाजूनं कुणीतरी बोलणारं होतं. आता कुणीच नव्हतं. मॅडम पडद्याकडे बघत राहिल्या, मुजावरही. कस्तुरीनं पदरानं कपाळ पुसलं. यंत्र राखून ठेवायचं ठरलं, आणि ठरताना कुणाचा आवाजही चढला नाही.

मायाप्पा तिसऱ्या दिवशी गेला.

कस्तुरी आली नाही. तिच्यासारखी दुसरी कुणीही आली नाही. वारा बदलला, साथ ओसरली, अंदाज चुकला. वेधशाळेचेही चुकतात. आणि खरं सांगतो, त्या दिवशी रुग्णालयात आनंद झाला. कस्तुरी वाचली, असं मुजावर जो भेटेल त्याला सांगत होते. मॅडमनाही हलकं वाटलं. घरी जाऊन हात धुताना मात्र त्यांनी वस्तादाचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, आणि तो आठवेना. कस्तुरीच्या हनुवटीवरचा तीळ तेवढा स्पष्ट दिसत होता. त्या बराच वेळ तशाच नळाखाली हात धरून उभ्या राहिल्या. बाईंना स्वतःचीच भीती वाटली.

महिना-दीड महिन्यानं स्वप्नाली आली. मुजावरांच्या खोलीत मॅडमही होत्या. ती काही भांडायला आली नव्हती. मशीन मोकळी होती आणि कुण्या पोटुशी बाईसाठी ठेवली होती, एवढं तिला वॉर्डातल्या कुणीतरी सांगितलं होतं. मॅडमनी तिला बसवलं, पाणी दिलं. खरं सांगून टाकायचं त्यांनी मनाशी नक्की केलं होतं. शब्दही जुळवले होते.

"मला एकच इचारायचंय," स्वप्नाली म्हणाली. "ती बाई बरी हाय न्हवं? मोकळी झाली का?"

जुळवलेले शब्द तसेच राहिले आणि मॅडमचा हात खोलीतल्या भिंतीवरच्या पडद्याच्या बटणाकडे गेला. मॅडमनी मुजावरांकडे पाहिलं. नाही म्हणा, मला अडवा, गोडाऊनचे मॅनेजर व्हा परत, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. मुजावरांनी मान खाली घातली आणि हलकेच होकार दिला. एकमत व्हायला क्षणही लागला नाही.

व्हिडिओ कॉल लागावा तसा पडदा उजळला. संगणक उद्याच्या माणसांचे दिवस पुढे नेत राहतो, कुणी थांबवल्याशिवाय थांबत नाही, आणि कस्तुरीला थांबवायचा धीर कुणालाच झाला नव्हता. तिच्या मांडीवर बाळ होतं. स्वप्नाली उठून पडद्याजवळ गेली.

"आमच्या मालकांचा दम तुला दिलाय, बाई," ती म्हणाली. "जप. नाव काय ठेवलंस?"

"अजून ठेवलं नाही, ताई," कस्तुरी म्हणाली. "तुम्ही सांगा."

"मायाप्पा ठेव. लई जुनं वाटंल, पर ठेव."

कस्तुरीनं बाळाच्या कानाशी वाकून ते नाव घेतलं. स्वप्नाली रडली, मुजावरांनी डोळे पुसले. अमला मगदूम खुर्चीचा हात घट्ट धरून बसल्या होत्या. मग स्वप्नालीनं पत्ता विचारला. बाळंतविडा घेऊन येते म्हणाली, माझ्या हातानं अंगडं-टोपडं घालायचंय बाळाला. संगणकाला पत्ता द्यायला काय अडचण? कवठे महांकाळ, शाळेच्या मागची गल्ली. या ताई, वाट बघते, असंही कस्तुरी म्हणाली.

स्वप्नालीनं दोघांना वाकून नमस्कार केला. मला वाटलं होतं मशीन वायाच गेली, म्हणाली. आता रात्री डोळा लागेल. देवमाणसं आहात.

ती जिना उतरून गेली. खाली गेटवर तिनं वॉचमनला कवठ्याची गाडी कुठून सुटते ते विचारलं, आणि त्यानं हात करून दाखवलं तिकडे ती झपाझप चालू लागली. वर खिडकीत दोघं उभे होते. अजून हाक ऐकू गेली असती, एवढ्याच अंतरावर ती होती. हाक कुणीच मारली नाही.