एकशे एकविसावी

माझं काम तसं साधं आहे. एखाद्या कचेरीत सगळ्यांच्या फाइली एकत्र ठेवणारं नवं यंत्र बसवलं, की ते किती भार सोसतं हे मी तपासते. त्याला खरी माणसं लागत नाहीत. माझ्या संगणकातून मी खोटी माणसं सोडते. ती खऱ्यांसारखीच, एकाच वेळी, फाइली उघडतात, वाचतात, सेव्ह करतात. यंत्र कुठे अडखळतं, तेवढं मी बघायचं.

तो शनिवार होता, दुपारचे दोन. कारागांदातली आमची खाणींचे नकाशे काढणारी कचेरी बंद होती. बाहेर बुरान, आमच्याकडचं हिमवादळ, सुटलेलं, खिडकीपलीकडे नुसतं पांढरं. यंत्राच्या खोलीत मी आणि तारा जोडणारा रिनात, दोघंच.

"किती सोडतेस, उल्झान?"

"एकशे वीस."

"सोड की. मेलीच, तर रडायला कुणी नाही."

बोलला, आणि त्याने जीभ चावली.

गेल्या जानेवारीत आमच्या बिबिनूर आपा गेल्या. बत्तीस वर्षं नकाशे काढले त्यांनी. सहा महिने माझ्यामागे लागल्या होत्या, "पोरी, फाइल सेव्ह व्हायला युगं लागतात गं. बघ ना जरा." सोबत घरचे बाउरसाक, कणकेचे तळलेले गोळे, आणायच्या. मी बाउरसाक खायची आणि म्हणायची, "आपा, यंत्र ठीक आहे. तुमचे हातच सावकाश चालतात."

त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. "अजून सेव्ह होतंय गं... बस सुटेल माझी. बंद करू?"

"बंद केलंत तर दिवसभराचं काम जाईल. थांबा जरा."

त्या थांबल्या. शेवटची बस गेली. मग बुरानात चालत निघाल्या. सकाळी रस्त्याकडेला सापडल्या, वस्तीपासून दोनशे पावलांवर.

आज करत होते तीच तपासणी जुन्या यंत्रावर केली असती, तर दोष कळला असता. अर्ध्या दिवसाचं काम.

मी खोटी माणसं सोडली. यंत्र पत्र्यावर गारा पडाव्यात तसं तडतडायला लागलं. पडद्यावर आकडा चढत गेला आणि थांबला. एकशे एकवीस.

"रिनात, तू शिरलायस का आत?"

"मी? माझ्या हातात चहा आहे."

पुन्हा सुरुवातीपासून केलं. पुन्हा एकशे एकवीस. एकशे वीस जणांची कामं डोळ्याचं पातं लवायच्या आत होत होती. एकाने मात्र एकच फाइल उघडली होती, एकदाच सेव्ह म्हटलं होतं... आणि वाट बघत होतं.

मी सगळ्यांना थांबवलं. तडतड विझली. आकडा उतरत उतरत एकावर आला, आणि तिथेच राहिला. त्या कोरड्या, गरम खोलीत ओल्या लोकरीचा वास पसरला. बर्फातून आलेल्या कोटाला येतो, तसा.

"तार काढू?" रिनात कुजबुजला.

"नको..."

"उल्झान, मी काढतो."

"नको म्हटलं ना! त्यांचं काम जाईल."

 तो चहा तसाच टाकून बाहेर गेला. मी खुर्ची पडद्याजवळ ओढली. "होऊ द्या सावकाश, आपा," मी म्हटलं. "मी आहे इथे."

चाळीस मिनिटं लागली. मग सेव्ह झालं, आणि आकडा शून्यावर आला. फाइल उघडून पाहिली. आत काहीच नव्हतं.

अहवालात मी एकशे वीसच लिहिले. त्यानंतर जिथे जिथे तपासणी केली, तिथे एक जास्तच आलं. मला त्याची भीती वाटेनाशी झाली. ते एक संपेपर्यंत मी बसून राहते. कुणासाठी तरी एवढं तरी करता येतं, असं वाटायचं.

पण परवा ताल्दीकोर्गानमध्ये मी पन्नास जण सोडले. पडद्यावर बावन्न आले.

तेव्हापासून आठवत बसलेय... आणखी कुणाला मी 'थांबा जरा' म्हटलं होतं?